वरच्या मजल्याची लाइन

हॅलोबाई फोन घेण्याआधी खुर्चीत सरळ बसतात. फोन मोबाइलच आहे. खिडकीत उभं राहून घेता येतो, भाजी चिरता चिरताही घेता येतो. पण त्या बसतात. केस कानामागे सारतात. मग म्हणतात, "हॅलो."

तो शब्द ऐकला की समोरचा माणूस कितीही तापलेला असो, नरम येतो. चुकीचा नंबर लावणारेसुद्धा माफी मागून, तब्येत विचारून फोन ठेवतात. त्या एका शब्दावरून त्यांचं नाव पडलं. खरं नाव विजेच्या बिलावर असेल. जिन्यात ते कुणाला ठाऊक नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. "उभा जन्म बसून काढला," असं त्याच म्हणतात आणि त्याच हसतात.

लांबलचक खोली होती. भिंतीला लागून बोर्ड, बोर्डात ओळीनं भोकं, प्रत्येक भोकावर वाटाण्याएवढा दिवा. समोर उंच स्टुलांवर मुली. कानाला हेडफोन, हातात दोरीसारख्या वायरी. दिवा लागला की समजायचं, कुणीतरी बोलायला थांबलंय. वायर खोचायची, विचारायचं, कोण हवंय. मग दुसरी वायर दुसऱ्या भोकात. "बोला, लाइन जोडली आहे."

खोलीत तापलेल्या वायरींचा वास असायचा आणि मुलींच्या बोलण्याचा एकसारखा गुंजारव. सुट्टीच्या दिवशी सगळे दिवे एकदम पेटायचे. तेव्हा लोक सकाळी नंबर सांगून ठेवत आणि संध्याकाळपर्यंत फोनशेजारी बसून राहत. जेवायलाही पाळीपाळीनं उठत. इतका वेळ थांबून मिळायची तीन मिनिटं. त्यातलं पहिलं "ऐकू येतंय का?" यात जायचं आणि शेवटचं "बरं, ठेवू मग?" यात.

"पण मधलं एक मिनिट," हॅलोबाई सांगतात, "सोन्याचं. आता लोक तासभर बोलतात आणि मधलं मिनिट येतच नाही."

एक्स्चेंजच्या मोठ्या बाई कडक होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बजावल्या. शब्द तोंडातल्या तोंडात गिळायचा नाही. दोन्हीकडचे आवाज ऐकू आले की लाइनवरून बाजूला व्हायचं, लोकांच्या बोलण्यात कान ठेवायचा नाही. आणि आवाज नाही म्हणजे बोलणं नाही. वायर उपटायची, लाइन मोकळी करायची. मागे माणसं खोळंबली आहेत.

या गोष्टी हॅलोबाईंच्या हाडीमाशी खिळल्या. पुढे यंत्रं आली, बोर्ड उचलून नेला, मुली पांगल्या. हॅलोबाईंना तक्रारींच्या खिडकीत बसवलं. तिथूनच त्या निवृत्त झाल्या. पण सवयी निवृत्त झाल्या नाहीत.

त्यांच्या इमारतीत एकच जिना आहे आणि एकावर एक रचलेली चार घरं. तळाला हॅलोबाई एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर औषधवाले, बायको आणि दोन मुलांसह. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्यांचं. त्यांच्यावर शिकवणीबाई, ज्या घरी बसून पडद्यावरून मुलांना गणित शिकवतात. आणि सगळ्यांच्या वर, गच्चीला लागून असलेल्या एका खोलीत, बाइंडर.

बाइंडर म्हणजे दोन गल्ल्या सोडून असलेल्या बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं बांधणारी बाई. हॅलोबाईंपेक्षा बरीच लहान, तरी केस पांढरे. नखांच्या कडेला कायम चिकटवायच्या खळीची चमक. जन्मापासून ऐकू येत नाही. बोलतही नाही, पण हसते मात्र मोकळं आणि मोठ्यानं. ते हसू पहिल्यांदा ऐकणारा दचकतो.

हॅलोबाईंचं आणि तिचं सूत पहिल्या महिन्यातच जुळलं. कारण सरळ होतं. बाइंडर ओठ वाचते. इमारतीतल्या बाकीच्यांच्या ओठांवर शब्द चुरगळलेले असतात. हॅलोबाईंच्या ओठांवर ते इस्त्री करून येतात. पहिल्या भेटीतच हॅलोबाई म्हणाल्या, "चहा घेणार?" आणि बाइंडर त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. अंधारात कुणी दिवा लावल्यावर बघावं तशी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा. बाइंडर स्वतःचं छोटं घडीचं स्टूल घेऊन खाली उतरायची. हॅलोबाईंच्या खुर्च्या तिला उंच पडत. झग्याच्या खिशात कागदाच्या लांब पट्ट्या असत, पुस्तकांच्या कडा कापताना निघतात तशा. हॅलोबाई बोलायच्या आणि बाइंडर पट्टीवर उत्तर लिहायची. पट्टी अरुंद, त्यामुळे उत्तरं छोटी. "हो." "नाही." "साखर जास्त." "मालक आज पुन्हा ओरडले. मला ऐकू आलं नाही." हे लिहून ती स्वतःच हसायची.

तिला खाली बोलवायचं तर हाक मारून उपयोग नव्हता. म्हणून हॅलोबाईंच्या भाच्यानं शाळेत असतानाच एक बटण बसवून दिलं होतं. खाली बटण दाबलं की वर गच्चीच्या खोलीत दिवा लागायचा. हॅलोबाईंना ते बटण फार आवडायचं. दिवा लागला की कुणीतरी बोलायला थांबलंय.

भाचा मोठा झाला आणि घरोघरी इंटरनेट जोडून देणाऱ्या एका कंपनीत लागला. तोवर इमारतीत चार तऱ्हा होत्या. औषधवाल्यांचं नेट संध्याकाळी आडवं पडायचं. शिकवणीबाईंचं नेमकं समीकरण सोडवताना अडकायचं. बाइंडर मोबाइलच्या रोजच्या डेटावर भागवत होती. हॅलोबाईंकडे काहीच नव्हतं आणि काही अडतही नव्हतं.

"आत्या," भाचा एका सुट्टीच्या दिवशी म्हणाला, "सगळ्या जिन्याला मिळून एकच चांगली लाइन घ्या. आमच्याकडे इमारतींसाठी वेगळा प्लॅन असतो. पेटी तुझ्या घरात ठेवू. प्रत्येक मजल्याला वाटा तू ठरवायचास."

"मी कशाला?"

"मग कुणी? औषधवाल्यांच्या हातात दिलं तर शिकवणीबाई वर्गात फळा आणि खडू घेऊन बसतील."

"बरं, पण मला सांग, माणसाला घरात किती स्पीड लागतो?"

भाच्यानं डोकं खाजवलं. "आत्या, लागतो थोडा. हवा असतो खूप. आमचा धंदा त्या दोहोंमधल्या जागेत चालतो."

त्यानं त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. उघडलं की चार ओळी. प्रत्येक मजल्याची एक ओळ, ओळीच्या टोकाला हिरवा ठिपका. कुणी नेट वापरायला लागलं की ठिपका पेटायचा. हॅलोबाईंनी तो पडदा पाहिला आणि त्यांचा हात नकळत कानामागे गेला. किती वर्षांनी त्या पुन्हा बोर्डासमोर बसल्या होत्या.

वाटप करायचं म्हणून त्या घरोघरी विचारायला निघाल्या.

"आम्हाला फार काही लागत नाही हो," औषधवाले म्हणाले. "मॅच. सिनेमे. पोरांचे गेम. हिच्या मालिका. शिवाय मी रात्री जरा बातम्या बघतो."

"एकाच वेळी?"

"वेगवेगळ्या खोल्यांत," औषधवाले अभिमानानं म्हणाले.

शिकवणीबाईंनी हातच जोडले. "मला फक्त मध्येच थांबायला नको. काल मी तोंड उघडं ठेवून अडकले. मुलांनी त्याचा फोटो काढून सगळीकडे फिरवलाय."

राहिली बाइंडर. ती कामावर होती. औषधवाले जिन्यातच म्हणाले, "ताईंचं काय विचारता? त्यांना गाणं नको, सिनेमा ऐकू येत नाही, फोनवर बोलणं नाही. निरोप पाठवण्यापुरतं द्या. बास झालं."

बोलण्यात वाईट हेतू नव्हता. शिकवणीबाईंनीही मान हलवली. हॅलोबाईंनाही ते पटलं. त्यांच्या आतली जुनी ऑपरेटर तेच म्हणत होती. आवाज नाही म्हणजे बोलणं नाही. लाइन मोकळी करा, मागे माणसं खोळंबली आहेत.

संध्याकाळी चहाला आल्यावर त्यांनी बाइंडरला विचारलं मात्र. "तुला किती लागेल?"

बाइंडरनं खांदे उडवले. पट्टीवर लिहिलं, "थोडं चालेल." दुसऱ्यांनी सोय केलेली, त्यात आपण काय मागायचं, असा तिचा स्वभाव.

झालं. त्यांनी वाटे पाडले. गच्चीच्या खोलीला सगळ्यांत लहान. ॲपमध्ये प्रत्येक मजल्यासमोर दोन आकडे होते. एक येण्याचा, एक जाण्याचा. भाच्यानं फरक समजावला होता, पण तो त्यांच्या लक्षात राहिला नाही. गच्चीच्या ओळीतला दुसरा आकडा त्यांनी तळाला नेऊन ठेवला.

नेट तेल घातल्यासारखं चालायला लागलं. बाइंडरनंही मोबाइलचा रोजचा डेटा बंद केला. शिकवणीबाईंनी डबाभर खाऊ पाठवला. औषधवाले येता-जाता "बाई, मान गए" म्हणायचे. हॅलोबाई सकाळ-संध्याकाळ ॲप उघडून बसायच्या. हिरवे ठिपके पेटायचे, विझायचे. त्यांना वाटायचं, खोलीत तापलेल्या वायरींचा वास येतोय.

आणि मग बाइंडर चहाला येईनाशी झाली.

आधी एक दिवस. मग एकाआड एक. बटण दाबलं तर वर दिवा लागायचा, पण खोलीत कुणीच नसायचं. ती अंधार पडल्यावर घरी यायची, दमलेली. हॅलोबाई विचारायच्या, "काम वाढलंय का?" ती मान हलवायची. हो की नाही, ते कळू नये अशी.

एका सकाळी ती घडीचं स्टूल घेऊन खाली आली. ते हॅलोबाईंच्या दाराशी ठेवलं. पट्टीवर लिहिलं, "तुम्हाला असू दे." आणि कामावर निघून गेली.

हॅलोबाईंना कळेना, हे काय. दुपारी घरमालकाचा फोन आला. त्या सरळ बसल्या. केस मागे सारले. "हॅलो."

"बाई, वरची खोली महिनाअखेर रिकामी होतेय," घरमालक म्हणाला. "तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा."

हॅलोबाईंनी फोन ठेवला आणि स्टुलाकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी. साधं तोंडानं, म्हणजे पट्टीनं, सांगावंसंही वाटलं नाही?

संध्याकाळी त्यांनी तिला जिन्यातच गाठलं.

"खोली सोडतेस?"

बाइंडरनं नजर चुकवली. जो ओठ वाचतो त्यानं नजर चुकवली की बोलणंच संपतं. हॅलोबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "का?"

तिनं पट्टी काढली. "काम लांब पडतं."

कारखाना दोन गल्ल्यांवर होता. हॅलोबाईंनी पट्टी वाचली, तिच्याकडे बघितलं. बाइंडरचे कान लाल झाले होते. ती भराभर वर गेली.

त्या दिवशी हॅलोबाईंनी एकट्यानं चहा केला आणि तसाच ओतून दिला.

"माझं काय चुकलं असेल रे?" त्यांनी भाच्याला फोनवर विचारलं.

"तू जास्त बोलतेस, आत्या."

"तिला ऐकू येत नाही, गाढवा."

"म्हणून तर इतकी वर्षं टिकली."

त्या हसल्या नाहीत. 

त्याच आठवड्यात डोळे दाखवायला त्या बसस्टँडपलीकडच्या दवाखान्यात गेल्या. परत येताना उन्हं उतरली होती. स्टँडच्या प्रतीक्षागृहात जरा टेकावं म्हणून त्या आत शिरल्या. भिंतीवर मोठी पाटी होती, इथे मोफत वायफाय मिळेल. पाटीखालच्या बाकांवर तरुण पोरं माना खाली घालून बसली होती. आणि शेवटच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून, बाइंडर.

तिनं फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर तिच्यासारखीच एक बाई. तेच कपाळ, तीच हनुवटी. धाकटी बहीण असणार. तिलाही ऐकू येत नाही, हे हॅलोबाईंना माहीत होतं. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हा बाइंडर आठवडाभर तिकडे जाऊन आली होती. परतल्यावर लिहिलं होतं, "तिच्या घरात आता हातानं बोलणारं कुणी नाही." हॅलोबाईंनी तेव्हा "अरेरे" म्हटलं होतं आणि चहात साखर घातली होती.

बाइंडरचे हात चालले होते.

हॅलोबाई खिळून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला बोलताना पाहिलंच नव्हतं. हो, नाही, साखर जास्त. त्यांना वाटायचं, ही मितभाषी. आणि इथे ती धबधब्यासारखी बोलत होती. बोटं, मनगटं, भुवया, खांदे. ती कुणाची तरी नक्कल करत होती, बहुतेक कारखान्याच्या मालकाची. पोट पुढे काढलं, बोट नाचवलं. पडद्यावरची बहीण हसून वाकली. मग बहीण काहीतरी सांगायला लागली. तिचे हात हळू होत गेले. बाइंडर पुढे सरकली. दोन्ही तळवे पडद्याजवळ नेऊन तिनं काहीतरी सांगितलं, अगदी सावकाश. हॅलोबाईंना एक अक्षर कळलं नाही. मधलं मिनिट कसं असतं, ते त्यांनी हजारदा ऐकलं होतं. बघितलं पहिल्यांदाच.

शेजारच्या बाकावरची दोन पोरं तिच्या हातांची नक्कल करून खिदळत होती. हॅलोबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की पोरांना एकदम बस आठवली.

बाइंडरला हाक मारता येत नव्हती. खांद्यावर हात ठेवता आला असता. पण हॅलोबाई पुढे गेल्या नाहीत. दोन्हीकडचं बोलणं सुरू होतं. आता लाइनवरून बाजूला व्हायचं. त्या पाय न वाजवता बाहेर आल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की पाय वाजले असते तरी चाललं असतं.

खोली का सुटतेय, ते वाटेतच त्यांच्या लक्षात आलं. घरी येऊन त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं.

"मला सांग. माणूस बघतो तेव्हा किती नेट लागतं आणि दाखवतो तेव्हा किती?"

"मी सांगितलं होतं. बघणाऱ्याला येणारं लागतं, दाखवणाऱ्याला जाणारं. सिनेमा बघायला जाणारं लागतच नाही म्हण. पण व्हिडिओ कॉलला दोन्ही."

"वरच्या खोलीचं जाणारं बघ."

भाच्यानं ॲप उघडलं. बघितलं. वर मान केली. "हे कुणी केलं?"

"मीच."

"आत्या, यात नुसता आवाज जाईल. चित्र जाणार नाही."

"आवाज जाईल ना?" हॅलोबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला. मग म्हणाल्या, "मला दाखव. तुझा फोन तिच्या वाट्यावर लाव. वर जिन्यात जा आणि तिथून मला फोन कर. आवाज चालू ठेवून."

भाचा वर गेला. फोन आला. पडद्यावर त्याचा चेहरा दिसला आणि अर्ध्या हसण्यात गोठला. पण आवाज स्वच्छ येत होता. "आत्या, औषधवाल्यांच्या घरात तळणाचा वास येतोय. भूक लागलीय." चेहरा तसाच गोठलेला, बोलणं मात्र धडधडीत. काही अडलं नाही.

"आता आवाज बंद कर. तोंडही बंद. हातानं सांग."

"काय सांगू?"

"काहीही. मला ओळखू दे."

आवाज गेला. पडद्यावर भाच्याचा हात वर आला आणि तिथेच थांबला. हॅलोबाई वाट बघत राहिल्या. हात ये म्हणतोय की थांब म्हणतोय? चित्र हललं. आता हात पोटावर होता. मधलं काय झालं? पुन्हा थांबलं. मग नुसती जिन्याची भिंत. त्यांनी फोन हलवला, जवळ धरला, लांब धरला. भाचा त्यांच्याशी बोलत होता आणि त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. जन्मभर त्यांनी हजारो लाइनी जोडल्या. तुटलेली लाइन आतून कशी असते, हे त्यांना आज कळलं.

भाचा खाली आला. "ओळखलंस?"

"पोट दुखतंय?"

"चल, बाहेर जेवायला जाऊ, म्हणत होतो. जिन्यातून खाली उतरून, हात धुऊन, जेवून, पोट भरून. सगळं करून दाखवलं. शिकवणीबाईंनी दार उघडून बघितलंसुद्धा."

हॅलोबाईंनी डोळे पुसले. हसून की कशानं, भाच्यानं विचारलं नाही.

"मोठा प्लॅन घे," तो म्हणाला. "याच्या तिप्पट स्पीडचा. म्हणजे वाटेच नकोत."

"बोर्डावर वायरी मोजक्याच असायच्या," हॅलोबाई म्हणाल्या. "तरी सगळी गावं बोलायची. आधी आहे ते नीट वाटू. औषधवाल्यांचं कमी कर."

"ते बोंबलतील."

"त्यांना मी सांगते."

दुसऱ्या दिवशी औषधवाले दुकानातून परतताना दारात भेटले. "भाऊ," हॅलोबाई म्हणाल्या, "तुमच्याकडचं थोडं नेट वर दिलंय. गरज होती."

औषधवाल्यांचा चेहरा उतरला. "तरीच! सकाळपासून जाणवतंय हो. मॅच नुसती रखडत होती. पोरं कंटाळली. हिची मालिका तर..."

"अजून कमी केलेलं नाही," हॅलोबाई म्हणाल्या. "भाचा संध्याकाळी येऊन करणार आहे."

औषधवाले जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. वरून त्यांच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. मग ते स्वतःही हसले. "कुणाला हवंय पण?"

हॅलोबाईंनी सांगितलं. बहिणीबद्दल, स्टँडवरच्या बाकाबद्दल, नक्कल करणाऱ्या पोरांबद्दल. औषधवाले ऐकत होते. त्यांच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"मीच म्हटलं होतं, ताईंना काय लागणार," ते म्हणाले. "काय लागेल ते घ्या, बाई. आमच्याकडे एक टीव्ही बंद राहिला तर आम्ही एकमेकांशी बोलू. तोच काय तो धोका."

संध्याकाळी वाटे बदलले. औषधवाल्यांच्या घरात काहीही फरक पडला नाही. तीन खोल्यांत तीन पडदे पूर्वीसारखेच चालू राहिले. गेमवाल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "काही कमी केलंत का?"

आता बाइंडरला सांगायचं होतं. हॅलोबाईंनी तिची वाट बघितली. ती आली, जिना चढून गेली. त्यांनी बटण दाबलं. बराच वेळ काही झालं नाही. मग पायऱ्यांवर तिची पावलं वाजली. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. खिशातून पट्टी काढायच्या बेतात होती.

हॅलोबाई खुर्चीत सरळ बसल्या. केस कानामागे सारले. आणि कितीतरी वर्षांनी, शब्द न शब्द सुटा करून, म्हणाल्या, "बोला, लाइन जोडली आहे."

बाइंडरला कळलं नाही. हॅलोबाईंनी वर बोट दाखवलं. मग स्वतःचे दोन्ही हात उचलले आणि हवेत हलवले, वेडेवाकडे, तान्हं मूल बडबडतं तसे. बाइंडर त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग लाज, मग काहीतरी ज्याला हॅलोबाईंकडे शब्द नव्हता. ती वळली आणि वर पळाली.

हॅलोबाई ॲप उघडून बसल्या. चौथ्या ओळीचा ठिपका पेटला. त्यांनी सवयीनं कान टवकारले. वरून काहीच ऐकू येणार नव्हतं. दोन्हीकडचे आवाज आले, आता बाजूला व्हा, असं सांगणारं काही नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच त्यांना लाइन जोडून नुसता विश्वास ठेवायचा होता. शिकवणीबाईंच्या घरून पाढे ऐकू येत होते. औषधवाल्यांकडे कुणीतरी चौकार मारला होता. गच्चीच्या खोलीत शांतता.

आणि मग ते हसू आलं. मोठं, मोकळं, कुणालाही दचकवील असं. जिन्यातून पायरी-पायरीनं घरंगळत खालपर्यंत. पाढे थांबले. औषधवाल्यांचं दार उघडलं. 

हॅलोबाईंनी फोन पालथा ठेवला. आता बाजूला व्हायला हरकत नव्हती.

पण खोलीचं काय, ते त्यांनी विचारलं नाही. तिनंही लिहिलं नाही. तिची बांधलेली खोकी गच्चीच्या दाराशी तशीच रचलेली होती. रोज चौथा ठिपका पेटायचा, बराच वेळ जळायचा. चहाला ती येत नव्हती, तो वेळ आता बहिणीचा होता. हॅलोबाई एक कप चहा करायला शिकल्या. घडीचं स्टूल त्यांनी खिडकीखाली ठेवलं होतं आणि त्यावर काहीच ठेवत नव्हत्या.

महिना सरत आला तेव्हा घरमालकाचा फोन आला. "बाई, वरच्या खोलीसाठी माणूस शोधू नका. त्या राहतायत."

"का म्हणे?" हॅलोबाईंनी विचारलं. आवाज अगदी कोरडा ठेवला होता, कामाचा.

"कागदावर लिहून दिलंय त्यांनी. काम जवळ पडतं, म्हणून."

संध्याकाळी पावलं वाजली. बाइंडर आत आली. हातात फोन होता आणि फोनमध्ये तिची बहीण. तिनं पडदा हॅलोबाईंकडे वळवला. बहिणीनं हात हलवले, काहीतरी विचारलं. चित्र स्वच्छ होतं. एकही बोट अडकत नव्हतं. बाइंडरनं पट्टीवर लिहून दिलं, "विचारतेय, ही कोण?"

हॅलोबाई सरळ बसल्या. ओठ नीट उघडून म्हणाल्या, "सांग तिला, ऑपरेटर."

बहिणीनं ते बाइंडरच्या हातांची वाट न बघता, पडद्यावरूनच, त्यांच्या ओठांवर वाचलं आणि हसली.

बाइंडरनं फोन हॅलोबाईंच्या हातात दिला. मग खिडकीपाशी गेली, घडीचं स्टूल उचललं, टेबलाजवळ आणून उघडलं आणि त्यावर बसली. पट्टी काढली. लिहिलं, "साखर कमी."